मोजलेले आकडे, काढलेले आकडे

आयसीयूत एबीजीची, म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंच्या तपासणीची, चिठ्ठी यंत्रातून बाहेर येते तेव्हा तिच्यावरचे सगळे आकडे एकाच ठशात छापलेले असतात. वायू आणि आम्लतेपुरतं बोलायचं तर त्यातले प्रत्यक्ष मोजलेले तीनच: पीएच, कार्बन डायऑक्साइडचा दाब आणि ऑक्सिजनचा दाब. बायकार्बोनेट आणि बेस एक्सेस गणिताने काढलेले असतात. चिठ्ठी वाचणाऱ्या प्रत्येकाला हा फरक ठाऊक असायलाच हवा.

मोजण्याऐवजी अंदाज लावला की काय होतं, हे १९५२ साली दिसलं. त्या वर्षी कोपनहेगनच्या ब्लेगडाम रुग्णालयात पोलिओने श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण दगावत होते. त्यांच्या रक्तात एकूण कार्बन डायऑक्साइड भरमसाट सापडे आणि डॉक्टर त्याचा अर्थ रक्त अल्कधर्मी झालं असा लावत. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांना ते पटेना. त्यांच्या मते श्वास अपुरा पडल्याने वायू साचत होता. प्रयोगशाळाप्रमुख पोल अ‍ॅस्ट्रप यांनी पीएच मोजला, तर रक्त आम्लधर्मी निघालं. मग घशाला छिद्र पाडून नळी बसवलेल्या रुग्णांना वैद्यकीचे विद्यार्थी पाळीपाळीने, रात्रंदिवस, हाताने पिशवी दाबून श्वास देत राहिले. मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने उतरलं.

आजच्या यंत्रात रक्त ३७ अंश सेल्सिअसला ठेवतात. पीएचसाठी खास काचेचा पातळ पडदा असतो; एका पीएचच्या फरकाला त्यावर सुमारे ६१ मिलिव्होल्टचा फरक पडतो. सेव्हरिंगहाउस यांच्या इलेक्ट्रोडची युक्ती मला फार आवडते: कार्बन डायऑक्साइड पडद्यातून झिरपून बायकार्बोनेटच्या द्रावणात उतरतो, द्रावण आम्लधर्मी होतं आणि मोजला जातो तो पुन्हा पीएचच. क्लार्क यांच्या इलेक्ट्रोडमध्ये प्लॅटिनमवर ऑक्सिजनचं क्षपण होतं. जितका ऑक्सिजन, तितका विद्युतप्रवाह.

पुढचं काम हेंडरसन-हॅसलबाल्क समीकरणाचं. पीएच ७.४० आणि कार्बन डायऑक्साइड ४० मिमी पारा असेल, तर बायकार्बोनेट लिटरमागे साधारण २४ मिलिमोल येतं. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला की दाबाचे आकडे बिघडतात, आणि त्यांच्यावर उभं असलेलं हे गणितही.

ऑक्सिजन संपृक्ततेचा, म्हणजे किती टक्के हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन बसला आहे याचा, आकडा सर्वांत जपून वाचावा. साधं यंत्र तो ऑक्सिजनच्या दाबावरून, हिमोग्लोबिन निरोगी आहे असं धरून काढतं. धुरात कोंडलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने अडवलेलं असलं, तरी ऑक्सिजनचा दाब चांगला दिसू शकतो आणि चिठ्ठीवर ९८ टक्के छापून येतात. अशा रुग्णाचं रक्त को-ऑक्सिमीटरलाच द्यावं. तो अनेक तरंगलांबींचा प्रकाश रक्तातून सोडून हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजतो.