पंपावर चालतो, दारात नाही?

काचीगुड्याहून सैदाबादला मावशीकडे जाताना मी चंचलगुड्याच्या पंपावर पेट्रोल भरतो. पंप तुरुंग खात्याचा. तिथे कैदी काम करतात. माप चोख मिळतं म्हणून बाबाही तिथेच जातात. "चोराच्या हातून चोख माप!" हा त्यांचा ठरलेला विनोद. मीही हसायचो.

मागच्या वर्षी आमच्या सोसायटीत वॉचमनची जागा निघाली. एकाने आपणहून सांगितलं, "सहा वर्षं आत होतो." कमिटीत आम्ही पाच जण. कोणी वाकडं बोललं नाही. "कळवतो" म्हणालो आणि कळवलं नाही. त्याने लपवलं असतं तर कदाचित नोकरी मिळाली असती, हे अजून खुपतं.

त्यानंतर मी स्वतंत्रपूरबद्दल वाचायला घेतलं. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) आपल्यापैकी बहुतेकांनी आजीआजोबांबरोबर पाहिलाय. कथा गदिमांची, आणि तेही त्याच माणदेशातले. पण तो ज्या प्रयोगावरून सुचला, ती वसाहत सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ अजून आहे, हे मला ठाऊक नव्हतं. १९३०च्या दशकाअखेरीस औंध संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या काळात ती सुरू झाली. कल्पना मॉरिस फ्रीडमन या मूळच्या पोलंडच्या इंजिनिअरची. (इंजिनिअर म्हटल्यावर मी जरा सावरून बसलो!)

तिथे कैदी शेती करतात आणि बायकामुलांसह राहतात. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. बंद तुरुंगातून माणूस सुटतो तोवर घर त्याच्याशिवाय जगायला शिकलेलं असतं. इथे भांडणं, मुलांची आजारपणं, पीक बुडणं, सगळं शिक्षेच्या काळातच वाट्याला येतं. म्हणजे बाहेर पडल्यावर संसार पहिल्यापासून मांडायचा नसतो. अर्थात, अशा खुल्या वसाहतीत चांगल्या वर्तणुकीचे निवडक कैदीच पाठवतात. त्यामुळे यशाची तुलना सरसकट करता येत नाही. सँपलच वेगळं आहे.

परवा रात्रपाळीची जागा पुन्हा रिकामी झाली. मी बाबांना विचारलं.

"पंपावर ठीक आहे रे, पण आपल्या दारात..."

"अहो बाबा, तो दारात येऊन खरं सांगून गेला होता."

बाबा काही बोलले नाहीत. अर्जांच्या फाइलमध्ये नंबर होता, मी लावला. तो आता एका गोदामात हमाली करतो. रविवारी बैठकीला येतो म्हणालाय. बाकीच्या चौघांशी मला त्याआधी बोलायचंय.