न आवडणाऱ्यांच्या शेजारी बसून

विचारी श्रद्धावंताचा एक ठरलेला बचाव असतो: धर्म चांगला, संस्था वाईट. मॉर्मन या अमेरिकी ख्रिस्ती पंथातले निबंधकार यूजीन इंग्लंड यांना तो मान्य नव्हता. चर्च हे धर्मतत्त्वांइतकेच खरे आहे, असे त्यांनी १९८०च्या दशकात लिहिले. तेही चर्चच्या उणिवा उघड बोलून दाखवल्यानंतर!

यामागे मॉर्मनांची ‘वॉर्ड’ ही व्यवस्था आहे. कुठल्या मंडळीत जायचे ते घराच्या पत्त्यावरून ठरते. पगारी धर्मगुरू नाही. बिशप म्हणजे शेजारचाच दंतवैद्य किंवा शिक्षक. हाउसिंग सोसायटीच्या कमिटीसारखे, कोणाबरोबर काम करायचे हे आपल्या हातात नसते. इंग्लंड म्हणत, प्रेम शिकायचे ते इथेच. आवडीच्या माणसांवर प्रेम करायला धर्म कशाला लागतो? मिनेसोटात एका छोट्या मंडळीचे ते स्वतः प्रमुख होते, त्यामुळे हे बोलणे पुस्तकी नव्हते.

१९६६मध्ये स्टॅनफर्डला शिकत असताना त्यांनी मित्रांसह ‘डायलॉग’ हे चर्चपासून स्वतंत्र नियतकालिक काढले. जून १९७८पर्यंत आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना मॉर्मन पौरोहित्य बंद होते. ही बंदी इंग्लंड यांना सलत होती. १९७३मध्ये ‘डायलॉग’मध्येच त्यांनी तिला खांद्यावरचा क्रूस म्हटले, पण चर्च सोडले नाही. मला त्यांची भूमिका इथे लंगडी वाटते. त्या क्रूसाचा खरा भार कृष्णवर्णीय सभासद वाहत होते.

न पटणाऱ्यांसोबत राहण्याची वेळ खुद्द त्यांच्यावर आली ती १९८१मध्ये. देव अजूनही शिकतो, वाढतो, असे ते मांडत. चर्चचे सुरुवातीचे नेते ब्रिगम यंग यांचा आधारही देत. चर्चच्या वरिष्ठ नेतृत्वातील ‘बारा प्रेषितां’पैकी एक असलेल्या ब्रूस मॅकॉन्की यांनी लांबलचक पत्र धाडले: सिद्धान्त काय ते आम्ही सांगू, तुम्ही री ओढा, नाहीतर गप्प राहा. इंग्लंड यांनी बंड केले नाही.

मॅकॉन्की १९८५मध्ये वारले. १९८९मध्ये चर्चच्याच ब्रिगम यंग विद्यापीठाच्या नियतकालिकात इंग्लंड यांचा लेख आला: देव परिपूर्ण आहे आणि वाढतोही आहे, ही दोन्ही बोलणी एकमेकांना पूरक. ते त्याच विद्यापीठात शिकवत. १९९८मध्ये त्यांना तिथून बाहेर पडावे लागले. २००१मध्ये ते वारले, तेव्हाही चर्चचे सभासद होते.