भिंतीवर वेल चढवताना

पतपेढीचे कर्ज काढून दोन खोल्यांचे घर उभे राहिले की दारी एखादा वेल असावा असे घरातील सर्वांनाच वाटते. रोपवाटिकेत आपण फूल पाहतो, रंग पाहतो आणि रोप घेऊन येतो. वेल कशाच्या आधाराने चढतो, हे मात्र कोणी विचारत नाही. भिंतीचे भलेबुरे त्यावरच ठरते.

काही वेल खोडाला फुटणाऱ्या मुळांनी थेट भिंतीलाच चिकटतात. भिंत हिरवीगार दिसते खरी. पण काढायला गेले की गिलाव्याचे पोपडे हाती येतात. गिलाव्याला भेगा असतील तर असला वेल लावूच नये.

माझ्या मते सर्वांत दणकट मधुमालती. तिच्या गळलेल्या पानांचे देठ काट्यासारखे राहतात, त्यांच्या आधाराने ती चढते. संध्याकाळी पांढरे उमललेले फूल पुढे गुलाबी व मग लाल होते. पश्चिमेच्या भिंतीवर तिची सावली आली की आतले स्वयंपाकघर उन्हाळ्यात पुष्कळ सुसह्य होते. बहर ओसरल्यावर मात्र कात्री लावावी, नाहीतर ती कौलांत शिरते. बोगनवेल पाण्याची टंचाई सोसते. जास्त पाणी दिले तर नुसती पाने वाढतात. तिला सुतळीने बांधावे लागते आणि मुले खेळतात त्या बाजूला काटे नकोत. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या भगिनींनी गोकर्ण लावावा. त्याच पावसाळ्यात फुले, खर्च जवळजवळ शून्य!

कॅलेंडरवर इंग्लंडातील घरांच्या भिंतींवर क्लेमॅटिसची मोठाली फुले दिसतात. ती थंड हवेची. आपल्या मैदानी मुलखातला मे महिना त्यांना सोसत नाही. त्यातली जोमदार माँटाना जात मूळची हिमालयातली, १८३१ साली तिकडे गेलेली. सह्याद्रीतली रानजाई याच कुळातली. पावसाळा सरताना ती पांढऱ्या फुलांनी कुंपणे झाकून टाकते. तिच्या पानांचे देठच आधाराला विळखा घालतात, म्हणून तिला बारीक तार हवी. जाड बांबू पकडीत येत नाही. छाटताना रस हाताला लागू देऊ नये, कातडीची आग होते.

वेल कोणताही असो, रोप भिंतीपासून हात-दीड हात सोडून लावावे. अगदी भिंतीलगत लावले तर रोजचे पाणी पायाशी मुरून आत ओल येते. तार भिंतीपासून चार बोटे पुढे ताणावी. मागून वारा खेळतो आणि रंगकामाच्या वेळी बराचसा वेल तारेसकट खाली उतरवता येतो.