तान्ह्याच्या दुखण्याचे मूळ साडेतेरा तासांत
तान्ह्या बाळाला झटके येतात आणि नेहमीच्या तपासण्यांतून कारण सापडत नाही. अशा वेळी थोड्याशा रक्तातून आईबापांकडून आलेली सारी जनुके वाचून दोष शोधता येतो. अमेरिकेत सॅन डिएगोच्या रेडी बालरुग्णालयात २०२० साली ५ आठवड्यांच्या मुलाचे निदान असे साडेतेरा तासांत झाले. थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, त्याच्या मेंदूला पोचत नव्हते. थायमिन व बायोटिनचे औषध सुरू केल्यावर ६ तासांत बाळ दूध पिऊ लागले. सुमारे १० वर्षांपूर्वी त्याचे भावंड अशाच लक्षणांनी, निदान न होताच दगावले होते. म्हणून घरात पूर्वी तान्हे मूल गेले असेल, किंवा आईबाप जवळच्या नात्यातले असतील, तर डॉक्टरांना ते आधीच सांगावे. लाजू नये, लपवू नये.