विंगेतला काजवा

नाटकाच्या जाहिरातीत लेखकाचे नाव असते, दिग्दर्शकाचे असते आणि नट-नट्यांची तर ठळक अक्षरांत असतात. हल्ली नेपथ्यकार आणि प्रकाशयोजनाकार यांचीही असतात. पण विंगेतल्या अंधारात बॅटरी धरून उभ्या राहणाऱ्या माणसाचे नाव मी आजवर कुठल्याच हस्तपत्रकावर वाचलेले नाही. तो माणूस मी! अक्कलकोटच्या हौशी नाटकांत पन्नास वर्षे मी हे काम करीत आलो आहे. तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या या दिव्यांच्या गर्दीत माझ्या एवढ्याशा दिव्याबद्दल चार शब्द सांगितले, तर आपण ऐकून घ्याल अशी उमेद आहे.

आधी भाषेचा घोळ मिटवतो. पुस्तकात 'विजेरी' म्हणतात, शहरात 'टॉर्च' म्हणतात. आमच्याकडे त्या वस्तूला 'बॅटरी' म्हणतात आणि तिच्या पोटात जी असते तिला 'सेल'. घरी कानडी आणि रंगमंचावर मराठी बोलणारी आमची मुलेही या एका शब्दावर एकमत आहेत.

माझी पहिली बॅटरी म्हणजे मामाची. पितळी, तीन सेलची, हातभर लांब. रात्री शेतावर पाणी धरायला जाताना मामा ती खांद्यावर टाकून निघे. १९७४ साली गणेशोत्सवाच्या नाटकासाठी मी ती मागून आणली. सेल उतरू नयेत म्हणून दिवसभर उन्हात वाळत घातले. त्या काळी घरोघरी हाच उपाय होता. नाटकात दुसऱ्या अंकाच्या शेवटी नायक मरतो आणि अंधार होतो. त्या अंधारात नायकाने उठून विंगेत यायचे आणि मी त्याला वाट दाखवायची. मी बटण सरकवले. ते 'खट्' करून असे वाजले, की पहिल्या रांगेतली मंडळी दचकली. पाठोपाठ प्रकाशाचा सोटा थेट रंगमंचावर पडला आणि आत्ताच प्राण सोडलेला नायक धोतर सावरीत रांगताना साऱ्या मांडवाला दिसला. टाळ्या पडल्या. नायक पुढे आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

ही झाली हसण्याची गोष्ट. दुसरी हसण्याची नाही.

एल. ई. डी.च्या बॅटऱ्या बाजारात आल्या, तेव्हा मी हरखून गेलो. ज्या निळ्या एल. ई. डी.मुळे पांढरा प्रकाश शक्य झाला, तिच्या तिघा संशोधकांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्याच्या कितीतरी आधी तो प्रकाश आमच्या आठवडे बाजारात पोहोचला होता. २०१३ साली सोलापूरला जाऊन मी दुकानातली सर्वांत प्रखर बॅटरी आणली. दुकानदाराने ती समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर मारून दाखवली होती. आणखी काय हवे!

त्या वर्षीच्या नाटकात धाकट्या बहिणीचे काम एक एकोणीस वर्षांची मुलगी करीत होती. प्रवेश बदलताना अंधारात तिने तीन फूट उंचीच्या चौथऱ्यावरून मागच्या पायऱ्यांनी उतरायचे होते. पंचवीस वेळा ती तशी उतरली होती. त्या रात्री पुढच्या प्रवेशातली पत्रांची पेटी सापडेना, म्हणून मी माझी नवी बॅटरी फिरवली. झोत नेमका तिच्या डोळ्यांवर गेला. मी घाबरून बॅटरी विझवली आणि तिथेच खरी चूक झाली. दिपलेल्या डोळ्यांपुढे आता काळोखाशिवाय काही उरले नव्हते. तिचा पाय पायरीऐवजी हवेत पडला.

मनगट मोडले होते. तरीही पोरीने हात पदराखाली घेऊन शेवटचा प्रवेश केला. मग रात्रीच जीप करून तिला सोलापूरला नेली. तिचे वडील किराणा दुकानदार. येताना-जाताना ते मला एक शब्दही बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

त्यानंतर मी डोळ्यांविषयी जे मिळेल ते वाचले. अंधारात पाहण्याचे काम डोळ्यातल्या वेगळ्या पेशी करतात आणि त्यांना पुरते जागे व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. एक प्रखर झोत ती सारी कमाई क्षणात घालवतो. म्हणजे विंगेत बॅटरी निवडताना पहिला प्रश्न 'किती प्रकाश पडतो?' हा नसून 'किती कमी पडू शकतो?' हा आहे. प्रकाश ल्युमेनमध्ये मोजतात. साध्या मेणबत्तीचा प्रकाश सुमारे बारा ल्युमेन. पायापुढची पायरी दिसायला तेवढाही पुष्कळ होतो. हजार ल्युमेनची बॅटरी ऊस राखायला न्यावी, नाटकाला आणू नये.

दुसरी गोष्ट बटणाची. आजच्या पुष्कळ स्वस्त बॅटऱ्यांत एकच बटण असते : एकदा दाबले की प्रखर, दुसऱ्यांदा मंद, तिसऱ्यांदा उघडझाप. करुण प्रवेशात विंगेतून वीज चमकू लागली, म्हणजे काय होईल ते सांगायला नको. जी पहिल्या दाबाला मंदच लागते, तीच घ्यावी. आणि दुकानात बटण कानाशी धरून दाबून पाहावे. दुकानदार हसला तर हसू द्यावे.

तिसरी रंगाची. त्या अंधाराच्या पेशींना तांबडा रंग फारसा दिसत नाही, म्हणून मंद तांबड्या प्रकाशात वाचले तरी डोळ्यांची सवय टिकते. मी लगेच भिंगावर तांबडा जिलेटीन कागद चिकटवला. पहिल्याच तालमीला आमचा प्रॉम्प्टर ओरडला, "अण्णा, माझ्या खुणा कुठे गेल्या?" त्याने वहीत साऱ्या खुणा तांबड्या पेन्सिलीने केलेल्या! तांबड्या उजेडात तांबडी अक्षरे कागदात विरून जातात. तेव्हापासून वहीत फक्त काळे पेन. शालूंचे रंग ओळखतानाही हीच फसगत होते. म्हणून कपडेपटासाठी मंद पांढरा दिवा ठेवावा. आणि प्रखर तांबड्यापेक्षा मंद पांढरा केव्हाही बरा.

चौथी आकाराची. गोल नळकांडे चौथऱ्यावर ठेवले की घरंगळते आणि नको त्या शांततेत खाली पडते. अंगाला कंगोरे असलेली किंवा खिशाला अडकवायची पट्टी असलेली घ्यावी आणि गळ्यात दोरीने बांधावी. डोक्याला बांधायचे दिवे हात मोकळे ठेवतात खरे. पण माणूस ज्याच्याशी बोलतो त्याच्याकडे तोंड करतो, आणि तोंड फिरले की झोतही फिरतो. सामान चढवताना ते बांधा, प्रयोगात नको.

पाचवी सेलची. जुन्या बल्बची बॅटरी पिवळी पडत पडत निरोप घेई, आधी सूचना देई. आजच्या काही चांगल्या बॅटऱ्या शेवटपर्यंत सारख्या उजळतात आणि एकाएकी डोळे मिटतात. म्हणून खिशात दुसरी हवीच. साधे पेन्सिल सेल मंदिराच्या रस्त्यावर रात्री दहालाही मिळतात. लिथियमच्या जाड सेलसाठी सोलापूर गाठावे लागते. तो सेल किल्ल्यांबरोबर खिशात सुटा टाकू नये, टोके जुळली तर पेट घेतो. आणि हंगाम संपला की साधे सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरून आतला पत्रा खातात.

गंमत पाहा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा विजेचा दिवाच नव्हता. हातातल्या बॅटरीचे पेटंट डेव्हिड मिझेल यांना न्यूयॉर्कमध्ये १८९९ साली मिळाले. त्या वेळचे सेल इतके दुबळे, की दिवा क्षणभर लावायचा आणि सेलला विश्रांती द्यायची. म्हणून तिचे नाव 'फ्लॅशलाइट'. माझ्या मते विंगेतल्या माणसाने आजही ती तशीच वापरावी. १९६२ साली आलेल्या अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'मध्ये फिरत्या रंगमंचावर प्रभाकर पणशीकर एका नाटकात पाच रूपे पालटत. प्रेक्षकांनी त्या रूपांना दाद दिली. मला मात्र ते नाटक आठवले, की मागच्या अंधारात कपडे घेऊन उभी असलेली माणसे डोळ्यांपुढे येतात.

पुढच्या वर्षी मी त्या दुकानदारांच्या घरी गेलो. मुलीला नाटकात काम करायचे होते, वडील नाही म्हणत होते. मी म्हणालो, "मालक, हो-नाही नंतर म्हणा. एकदा मांडवात येऊन बघा."

ते आले. दिवे मालवून मी त्यांना विंगेत उभे केले. पायऱ्यांच्या कडांना पांढऱ्या चिकटपट्ट्या लावल्या होत्या. कठड्याला दोरी होती. माझ्या हातात दोन पेन्सिल सेलची बोटभर बॅटरी होती. भिंगावर काळी पट्टी आणि पट्टीला वाटाण्याएवढे भोक. झोत खाली, पायांपुढे. कोणाच्या कमरेच्या वर कधी नाही. माणूस पलीकडे पोहोचेपर्यंत विझवायची नाही.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अण्णा, ती बॅटरी माझ्याकडे द्या." आणि मुलीची सारी वाट, चौथऱ्यावरून विंगेपर्यंत, ते स्वतः चालून आले. एकदा नाही, तीनदा. परत येऊन म्हणाले, "तिसरी पायरी हलतीय." खरोखरच हलत होती. आम्हां कोणाच्या ती लक्षात आली नव्हती.

त्या वर्षी मुलीने काम केले. डाव्या विंगेत मी होतो आणि उजव्या विंगेत तिचे वडील, हातात बॅटरी घेऊन. मुलगी आता लग्न होऊन पुण्याला असते. वडील मात्र अजून दरवर्षी दुकान लवकर बंद करून येतात, आधी प्रत्येक पायरीवर उभे राहून पाहतात आणि मगच तिसरी घंटा द्यायला सांगतात. सोलापूरहून आणलेली ती प्रखर बॅटरी माझ्या माळ्यावर आहे. तिच्यातले सेल मी काढून ठेवले आहेत.