रुंद काठाची टोपी आणि उन्हाचे गणित

चंडीगड शहराच्या उत्तर टोकास, शिवालिक टेकड्यांच्या दिशेला, पंजाब व हरयाणा उच्च न्यायालयाची इमारत उभी आहे. ल कॉर्बुझिए या वास्तुशिल्पज्ञाने आखलेली ही इमारत १९५५ साली पूर्ण झाली. तिच्या खालच्या छपरावर, मध्ये मोकळी जागा सोडून, कमानींचे दुसरे एक छप्पर छत्रीसारखे पसरले आहे. ऊन वरच्या छपरावर पडते आणि दोहोंमधील पोकळीतून वारा वाहत राहतो. त्यामुळे वरचे छप्पर तापले तरी त्याची सारी उष्णता खाली उतरत नाही. इमारतीच्या दर्शनी भागावर काँक्रीटच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी असून तिच्यामुळे आतील भिंतींवर सावली पडते.

उन्हात काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यासही हीच युक्ती लागू पडते. चांगली गवती टोपी म्हणजे डोक्यावर धरलेले एक लहानसे दुहेरी छप्पर होय. तिच्यात तीन गुण असावे लागतात : काठ पुरेसा रुंद हवा, वीण दाट हवी आणि डोके व टोपी यांच्यामध्ये हवेला वाट हवी. यांपैकी एकेकाचा विचार करू.

सूर्याची उंची आणि काठाची रुंदी

चंडीगड उत्तर अक्षांश ३०.७ अंशांवर, म्हणजे कर्कवृत्ताच्या बरेच उत्तरेस आहे. त्यामुळे तेथे सूर्य कधीही बरोबर डोक्यावर येत नाही. पुण्या-मुंबईस मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास एके दिवशी भर दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. चंडीगडास मात्र २१ जूनच्या माध्यान्हीदेखील सूर्य क्षितिजापासून सुमारे ८३ अंशांपर्यंतच चढतो आणि मीटरभर लांबीच्या काठीची सुमारे १३ सेंटीमीटर सावली शिल्लक राहते. २१ डिसेंबरच्या माध्यान्ही सूर्याची उंची केवळ ३६ अंश असते व तीच सावली १३८ सेंटीमीटर होते.

या काठीवरून टोपीचे गणित सहज मांडता येते. सूर्य समोर असताना, काठाच्या रुंदीशी त्याच्या खाली पडणाऱ्या छायेचे जे प्रमाण असते, तेच काठीच्या सावलीशी काठीच्या उंचीचे असते. काठीची सावली काठीएवढीच असेल, तर साडेसात सेंटीमीटर रुंदीचा काठ कपाळापासून खाली साडेसात सेंटीमीटरच छाया देईल. ती जेमतेम नाकापर्यंत पोहोचते. सावली काठीच्या निम्मी असेल, तर छाया दुप्पट, म्हणजे पंधरा सेंटीमीटर होईल व चेहऱ्याचा बहुतेक भाग झाकला जाईल. उलट, सकाळी किंवा सायंकाळी सूर्य ३० अंशांवर असताना हाच काठ सव्वाचार सेंटीमीटरांच्या वर छाया देऊ शकत नाही. दहा सेंटीमीटर रुंदीचा काठही पावणेसहा सेंटीमीटरच देतो.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. भर दुपारी चेहरा झाकण्यास अरुंद काठही पुरतो. रुंद काठाचा खरा उपयोग कान, मान व खांदे यांस आणि दुपारच्या आधीच्या व नंतरच्या तासांत होतो. दुसरे असे, की काठ सर्व बाजूंनी सारखा असला पाहिजे. समोरच तेवढी चोच असलेल्या टोपीने कपाळ झाकते, पण ओणवे होऊन कापणी करणाऱ्याची मान आणि कान उघडेच राहतात. आपली गांधी टोपी टाळू झाकते. तिला काठ नसल्यामुळे चेहऱ्यास छाया मिळत नाही. पागोटे, मुंडासे किंवा पंजाबातील पगडी यांचे जाड सुती थर डोक्यास उन्हापासून चांगले राखतात आणि मानेवर सोडलेला शेमला मान झाकतो. डोळे व गाल मात्र उन्हातच राहतात.

टोपी किती ऊन अडविते?

उन्हाळ्यातील स्वच्छ दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे १,००० वॅट इतकी सूर्यशक्ती पडते. वरून पाहिले असता माणसाच्या डोक्याचे क्षेत्रफळ फार तर ०.०२२ चौरस मीटर भरते, म्हणजे त्यावर सुमारे २२ वॅट पडतात. साडेसात सेंटीमीटर काठाची टोपी घातली, की हे क्षेत्र ०.०८ चौरस मीटर होते आणि सुमारे ८० वॅट टोपीवर अडतात. निवांत बसलेल्या माणसाचे शरीर स्वतःच सुमारे १०० वॅट उष्णता निर्माण करीत असते, हे लक्षात घेतले म्हणजे ८० वॅट ही रक्कम क्षुल्लक वाटणार नाही.

हीच गोष्ट घामाच्या हिशेबाने सांगता येईल. एक ग्रॅम घाम वाळताना शरीरातून सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. ८० वॅटची सर्व उष्णता अंगात शिरली असती, तर ती काढून टाकण्यास तासाला सुमारे १२० ग्रॅम घाम खर्ची पडला असता. प्रत्यक्षात काही ऊन त्वचेवरून व कपड्यांवरून परावर्तित होते, म्हणून बचत याहून कमी असते. तरी दिवसभराच्या कामात ती जाणवण्याइतकी असते.

काडच का?

गव्हाची काडी आतून पोकळ असते. तिच्यात कोंडलेली हवा उष्णतेची मंद वाहक असल्यामुळे टोपीचा वरचा भाग तापला, तरी आतील भाग लवकर तापत नाही. काडीचा फिकट पिवळा रंग पुष्कळसे ऊन परतवितो आणि विणीतील बारीक फटींतून दमट हवा बाहेर पडते. इटलीतील तस्कनी प्रांतात गव्हाच्या काडाच्या टोप्या पूर्वापार प्रसिद्ध आहेत. ‘पनामा’ या नावाने ओळखली जाणारी टोपी वस्तुतः एक्वाडोर देशाची असून ती ताडपत्रासारख्या एका पानाच्या धाग्यांची विणतात; या विणकामास २०१२ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. आसामातील शेतकऱ्याची ‘जापी’ बांबू व ताडजातीच्या पानांची असते. आपल्या कोकणातील इरले पावसासाठी असले, तरी डोके व पाठ झाकून हात मोकळे ठेवण्याची कल्पना तीच आहे.

इंग्रजी अमदानीतील साहेबी टोपी ज्या शोल्याची होत असे, ती बंगालच्या पाणथळ जागी उगवणारी वनस्पती आहे. तिचा भेंडासारखा हलका गाभा हवेच्या सूक्ष्म पोकळ्यांनी भरलेला असतो. ‘सोला’ हे टोपीचे नाव या वनस्पतीवरून पडले. सूर्यवाचक ‘सोलर’ शब्दाशी त्याचा संबंध नाही. हिंदुस्थानातील उन्हाचे काही विशेष किरण कवटी भेदून मेंदूस इजा करतात, असा समज त्या काळी युरोपीय लोकांत रूढ होता. फिलिपाइन्स बेटांतील अमेरिकन सैनिकांस असे किरण अडविण्यासाठी नारिंगी-लाल रंगाची अंतर्वस्त्रे देऊन एक प्रयोगही झाला. १९१० साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला, तेव्हा ती वस्त्रे निरुपयोगी ठरली होती. उष्माघाताचे कारण कवटी भेदणारे किरण नसून संबंध शरीरात साठणारी उष्णता हे आहे.

डोळे आणि त्वचा

उन्हातील जंबुपार, म्हणजेच अतिनील, किरण डोळ्यांस दिसत नाहीत. पण त्यांच्या दीर्घकाळच्या माऱ्याने मोतीबिंदूचा धोका वाढतो. सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य त्वचेचे काहीसे रक्षण करते, परंतु त्यामुळे डोळे वाचत नाहीत. शिवाय हे किरण सर्व आकाशातून विखुरले जाऊन येतात आणि जमिनीवरूनही परततात. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के, तर ताजे हिम ८० टक्क्यांपर्यंत जंबुपार किरण परत फेकते. म्हणून सिमल्याकडील हिमावर फिरणाऱ्याने केवळ टोपीवर विसंबून चालणार नाही.

टोपी पारखताना

टोपी दिव्यासमोर धरावी. सूर्यासमोर धरून आतून पाहू नये. प्रकाशाचे ठिपके पुष्कळ दिसले, तर वीण विरळ आहे असे समजावे. घुमटाची वीण किंचित मोकळी चालेल, काठाची मात्र दाट हवी. काठ निदान साडेसात सेंटीमीटर असावा आणि तो हाताने वाकविल्यास पुन्हा आडवा व्हावा. टाळू व घुमट यांमध्ये बोटभर अंतर असावे, आत घाम टिपणारी सुती पट्टी असावी आणि वाऱ्यासाठी हनुवटीखाली बांधण्याची दोरी असावी. टोपीवर तेलकट रंगाचा लेप दिलेला असेल, तर ती शोभेची समजावी. तिच्यातून हवा खेळत नाही.

मे-जूनच्या कोरड्या झळांत घाम झपाट्याने वाळतो. पावसाळा सुरू होऊन हवा दमट झाली, की तो अंगावरच राहतो. अशा वेळी उत्तम टोपीही पुरी पडत नाही. आणि ज्यांना तिची सर्वांत अधिक गरज, त्यांतील पुष्कळांस ती घालताच येत नाही. डोक्यावर चुंबळ ठेवून विटांचे घमेले वाहणाऱ्या स्त्रीला रुंद काठाची टोपी कशी घालता येईल? तिच्यासाठी कामाच्या वेळा सकाळ-सायंकाळीच्या हव्यात, जवळ पाणी हवे आणि विसाव्यास मांडव हवा. नव्याने उन्हात आलेल्या शरीराला ऊन सोसण्याची सवय होण्यास एक-दोन आठवडे लागतात, हेही मुकादमाने जाणले पाहिजे. काम करताना कोणी बरळू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर त्यास तत्काळ सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि वैद्यकीय मदत बोलवावी. शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नये.

शाळेच्या पटांगणात मीटरभर काठी उभी करून विद्यार्थ्यांनी दिवसातून चार वेळा तिची सावली मोजावी आणि आपल्या टोपीच्या काठाशी तिचा मेळ घालावा. कोणत्या वेळी कोणाच्या नाकावर ऊन पडेल, हे त्यांस आधीच सांगता येईल. आणि मैदानावरील खेळाची वेळ कोणती असावी, हेही त्याच आकड्यांवरून ठरविता येईल.