हैफाच्या हदारमध्ये भाड्याचं घर

अश्दोदमधले नातेवाईक मला अजून विचारतात, "अगं, आपली सगळी माणसं इथे, आणि तू एकटी त्या डोंगरावर काय करतेस?" खरं कारण भाडं. ठाण्याहून कामासाठी आले तेव्हा आधी तेल अवीवच्या फ्लोरेन्टिनमध्ये घर बघितलं. चित्रकारांची स्वस्त वस्ती म्हणून नाव ऐकलं होतं. चित्रं अजून भिंतींवर आहेत, स्वस्ताई केव्हाच गेली. तिथे जेमतेम एक खोली मिळाली असती, त्या पैशात हैफाच्या हदारमध्ये दोन खोल्या आणि समुद्र दिसणारी गॅलरी मिळाली.

खाली बंदर, वर कार्मेलचा माथा, आणि मधल्या उतारावर हदार. टेक्निऑनची पहिली इमारत इथलीच. आता तिथे विज्ञानाचं संग्रहालय आहे. बरीच घरं १९३० च्या दशकातली. पैसा आला तशी माणसं वर कार्मेलवर राहायला गेली, १९९० नंतर सोव्हिएत देशांतून आलेली कुटुंबं इथे उतरली आणि स्वस्त भाड्यामागून विद्यार्थी नि कलाकार आले. मसादा रस्त्यावर जुन्या पुस्तकांची दुकानं, रंगवलेल्या भिंती, छोटे कॅफे. एकाच टेबलावर हिब्रू, अरबी आणि रशियन ऐकू येते. खाली वादी निस्नासच्या गल्ल्यांत डिसेंबरमध्ये तिन्ही धर्मांच्या सणांचा मिळून उत्सव होतो. तलपियोत बाजारात कोथिंबीर, हिरव्या मिरच्या मिळतात, म्हणजे आपलं भागतं!

आता घर बघायला येणाऱ्यांनी काय विचारावं ते सांगते.

पायऱ्या मोजा. इमारतीतल्या तर मोजाच, पण रस्त्यापासून दारापर्यंतच्याही. इथे दोन रस्त्यांना जोडणारा जिनाच असतो, आणि जाहिरातीतला "पहिला मजला" कधी कधी साठ पायऱ्या खाली निघतो. १९५९ पासून चालणारी कार्मेलित ही डोंगराच्या पोटातली गाडी मोठा आधार आहे, पण शुक्रवारी दुपारनंतर ती बंद होते.

दुसरी गोष्ट ममाद, म्हणजे घरातलीच सुरक्षित खोली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून नव्या घरांना ती सक्तीची झाली. हदारची घरं त्याच्या कितीतरी आधीची. स्वस्त भाड्याचं एक कारण हेही आहे, दलाल ते सांगत नाहीत. २०२४ मध्ये लेबनॉनकडून रॉकेटं येत होती तेव्हा आमच्या इमारतीच्या मिक्लातमध्ये, म्हणजे तळघरातल्या सामाईक निवाऱ्यात, मोडकी कपाटं आणि सायकली भरलेल्या होत्या. पहिल्या सायरनला आम्ही जिन्यातच बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी रशियन आजी, वरचा अरब विद्यार्थी आणि मी, तिघांनी मिळून सामान बाहेर काढलं. जून २०२५ मध्ये इराणची क्षेपणास्त्रं आली तेव्हा तिथेच रात्री काढल्या. आजी थर्मासमध्ये चहा आणायच्या. बिनदुधाचा, पण गरम.

पैशाचं थोडक्यात: अर्नोना हा नगरपालिकेचा कर बहुतेक भाडेकरूच भरतो, वर वाद बायितची, म्हणजे इमारतीच्या समितीची वर्गणी. वर्षाचे पुढच्या तारखांचे चेक आणि जामीन मागतात. नवख्याला जामीन मिळणं हीच मोठी अडचण. आणि घर शक्यतो पावसाळ्यात, म्हणजे इथल्या हिवाळ्यात बघा. उन्हाळ्यात नवा रंग दिलेली भिंत जानेवारीत कोकणातल्यासारखी ओल धरते.

एकट्या माणसाला हदार मी आजही सांगेन. पण आता आई यायची आहे, आणि तिचे गुडघे दुखतात. म्हणून हेर्झल रस्त्यावर लिफ्टचं घर बघितलं. भाडं बरंच जास्त. ममाद नाहीच, घरमालक म्हणाले, "मिक्लात खाली आहे, किल्ली समितीकडे असते." मी म्हटलं, आधी ते उघडून दाखवा, मग चेक लिहिते. रविवारी दाखवतो म्हणालेत.